एकास बहात्तर

खोक्याचा एक कोपरा उंदराने खाल्लेला,
म्हणून नोशीर भरुचांनी दोनशे रुपये कमी घेतले.
पाच बागेजवळचं घर विकून ते लेकीकडे चालले होते.
पलंगाखालून एकशे चाळीस विमानं निघाली,
जोडलेलं एकही नाही.
"राखून ठेवली, डीकरी. निवांत झालो की करणार होतो."
मी फोकर उचललं.

दिवसभर मी पार्ल्याच्या लॅबमध्ये लोकांच्या दाढा घडवते.
रात्री घरी तीच हत्यारं:
दातांचं कीटण खरवडायचा आकडा
पंखांवर पत्र्याच्या रेघा कोरतो.
बोटांना फरक कळत नाही.
सांधा तो सांधा,
जीभ फिरली तर टोचू नये, इतकंच.

सूचनांच्या कागदावर लिहिलंय, नाकात वजन भरा,
नाहीतर विमान शेपटीवर बसेल.
माहीमहून गळाला लावायचं शिसं आणलं, तीन गोळ्या.
वैमानिकांच्या पायांशी चिकटवून वरून झाकण लावलं.
त्यांना कुणी सांगू नये.

ऑगस्टात रंग वाळत नाही.
चपलांच्या खोक्यात चाळीसचा बल्ब सोडून
विमानाला शेक देते, बाळंतिणीसारखा.
नोंदणीची अक्षरं बशीतल्या पाण्यात सुटी होतात,
पंखा बंद, श्वास बंद,
आणि नेमकं तेव्हाच आमच्या कुर्ल्यावरून
एक खरंखुरं उतरायला येतं.
बशीतलं पाणी शहारतं.
व्ही जरा तिरका बसला तो बसलाच.

स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत सत्तावीस फूट.
गुणिले बहात्तर, एकोणीसशे चव्वेचाळीस.
या घरातून फोकर उडणार नाही.
बाहेरचा पॅसेज धरला, पार लिफ्टपर्यंत, तर कदाचित;
डिमेलोंची सायकल हलवावी लागेल.
एक मुंगी शेपटीवर चढते
आणि चढता चढता मांजराएवढी होते.

अण्णा सव्वादोन सेंटिमीटर.
पाच फूट चार इंच भागिले बहात्तर,
दोनदा करून पाहिलं.
खोक्यात दोन वैमानिक होते,
खाली उभं राहणारं कुणी नव्हतं.
मग लॅबमधलं निळं मेण आणलं.
डोकं ज्वारीचा दाणा, चेहऱ्याला जागाच उरली नाही,
खाकी हाफपँट तेवढी जमली.
काडेपेटीच्या काडीचे चॉक, त्यांना दोऱ्याची दोरी.
सव्वीस वर्षं या माणसाने चाकांपुढे लाकूड सरकवलं.
शिडी चढून आत गेला तो फक्त झाडायला.
इंजिनाची ती शिट्टी
जाताना त्याचा डावा कान घेऊन गेली.
तिला कितीने भागायचं
ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.

चार महिने त्यांनी विचारलं नव्हतं, काय चाललंय म्हणून.
लॅबचंच काम समजत असावेत.
रविवारी चहा घ्यायला आले, कप टेबलावर टेकवला,
चष्मा कपाळावरून खाली ओढला.
बराच वेळ चाकांकडेच बघत राहिले.
"दोरी भायर होई."
मी दोरी बाहेरच्या बाजूला घेतली.
"पंखो चालू असा काय बंद?"

हे मी ठरवलंच नव्हतं.
बंद, म्हणणार होते,
पण छतावरचा पंखा तीनवर होता
आणि त्याच्या वाऱ्याने डावं पातं
सावकाश, अगदी सावकाश, फिरत होतं.

"चालू असा. मगे ह्येका हय कित्याक उभो केलंस?"
माझ्या हातातला चिमटा घेतला.
त्यांचा हात थरथरतो, चहाही सांडतो त्यांच्याकडून,
पण तेवढ्यापुरता थांबला.
निळ्या माणसाला कमरेत धरून
पात्यापासून दोन बोटं मागे आणला.

पायाचं मेण थोडं वाकलं.
मी ते सरळ केलं नाही.