हातात धरून

हिप्परग्याच्या तलावामागे, माळावर,
आभाळातून घेतलेल्या फोटोत
एक पांढरट ओरखडा दिसतो.
गेल्या उन्हाळ्यात तो मीच गिरवला.
रात्रीचा दीड. कूलरमधलं पाणी संपलेलं,
शेजारच्या कारखान्यात माग खटखटत होते
आणि पडद्यावर यादी उघडी होती :
पायवाट. गाडीवाट. सायकलची वाट.
मी सायकलची निवडली.
का, ते आठवत नाही.
निळा रंग बरा दिसला असेल.

एवढ्या निळ्यावर भरवसा ठेवून
जुळे सोलापुरातला निशांत येमूल
सत्तावीस गिअरच्या सायकलवरून
चिंचेच्या वळणावर सुसाट आला,
आणि वळणापलीकडे गौरम्मा होत्या,
डोक्यावर काटक्यांचा भारा.

कुणी मेलं नाही.
भारा सुटला, घोटा सुजला.
निशांतनं एकेक काटकी गोळा करून दिली
आणि मला निरोप धाडला :
तुमची रेघ चुकलीय.

मग रविवारी, ऊन तापायच्या आत, गेले.
वाट वाचावी लागते, हे ठाऊक नव्हतं.
चाक दगडाला लांबूनच वळसा घालतं,
पाऊल दगडापाशी येऊन मग विचार करतं.
चढावर पावलांच्या पायऱ्या होतात,
चाकाची पन्हळ होते.
शेळ्यांची तऱ्हा निराळी, त्यांना एक वाट नसतेच,
गुंता झालेलं सूत नुसतं,
तरवडाच्या प्रत्येक झुडपाला एक धागा.
हे सगळं वहीत लिहिलं, फोटो काढले,
स्वतःवर खूश झाले,
आणि तरी कळेना.
कारण पायऱ्यांच्या खाली, मुरमात,
एक जुनी पन्हळ होती,
निशांतच्या जन्माआधीची.

गौरम्मा घरी, पाय पालथ्या बादलीवर,
सुपात शेंगा फोडत.
"ती वाट कशाची म्हणायची?"
"कशाची म्हंजे? गिरणीची की."
त्यांचे मालक, मल्लिनाथ, तिसऱ्या पाळीला
त्याच उतारानं जायचे, वीस-बावीस जण मिळून,
काळ्या सायकली, हँडलला डबा,
डायनामोचे दिवे माळावरून ओळीनं खाली.
"भोंगा झाला की आलेच बगा उतारावर."
मग भोंगा थांबला.
सायकल आधी जावयाकडे गेली, मग भंगारात.
वाट तेवढी राहिली,
तिच्यावरून बायका काटक्यांना जाऊ लागल्या.

म्हणजे माझं बरोबर होतं!
क्षणभर आनंद झाला मला,
त्या सुजलेल्या घोट्यासमोर.
सांगायला लाज वाटते.

"पर चिंचंपाशी बसून कोण जातंय?"
गौरम्मा शेंगेकडे बघत म्हणाल्या,
"तितं समदे उतरायचे.
खालनं बाया येत्यात, पोरं येत्यात.
सायकल हातात धरून चालायचं,
चिंच सरली की परत टांग टाकायची."
"असं कुणी ठरवलं होतं?"
"ह्ये काय ठरवायचं असतंय होय?"

रात्री पुन्हा यादी उघडली.
पार खाली, जिथवर मी कधी गेलेच नव्हते,
एक पर्याय मुकाट पडून होता :
सायकल — उतरून, हातात धरून.
चिंचेच्या अलीकडे रेघ तोडली, पलीकडे तोडली,
मधले एकशे चाळीस मीटर ठिपक्यांचे केले.
नावाच्या रकान्यात लिहिलं : गिरणीची वाट.
पुसलं. गिरणी तर नकाशात नाही.
पुन्हा लिहिलं.

कूलरमध्ये पाणी ओतून आले
तोवर निशांतचा निरोप येऊन पडला होता :
रेघ पाहिली. ठीक आहे.
पण तुमच्या नकाशात चिंचच नाही,
उतरायचं कुठं, कळणार कसं?