फुटतूट

जानेवारीच्या अंकाचं काम माझ्याकडे.
माजी विद्यार्थी कक्ष, तळमजला, जिन्याखाली.
खिडकीतून ऐरोलीच्या खाडीचा एवढासा तुकडा,
भरतीला दिसतो, ओहोटीला वास येतो.

बातम्या येत राहतात.
कळविण्यास अत्यंत आनंद होतो की
अमुक तुकडीचा अमुक टोरांटोत उपाध्यक्ष झाला,
कुणाची मुलगी डॉक्टर, कुणाचं पनवेलला दुसरं दुकान,
कुणी एकवीस किलोमीटर धावलं
आणि छातीवरच्या क्रमांकासकट फोटो पाठवला.
'दुःखद' हे सदर शेवटच्या पानावर.
ते दरवर्षी दोन ओळींनी वाढतं,
आणि दरवर्षी मी त्याखालची
पतपेढीची जाहिरात थोडी बारीक करते.

स्नेहमेळावा चौदा तारखेला, शनिवारी.
नोंदणी सातशे रुपये, जेवणासह.
जेवणात काय आहे,
एवढं एकच सगळे फोन करून विचारतात.

यशोधरा सपकाळे, बी.एस्सी. रसायन, १९९४, मुक्काम दिघा.
बातमीच्या रकान्यात दरवर्षी लिहिते:
विशेष काही नाही. पत्ता तोच.
पंधरा-सोळा वर्षं मी ते छापलं नाही.
छापणार काय त्यात?
पण फेकलंही नाही. खणात आहेत सगळी कार्डं,
शाई बदलत गेली, अक्षर नाही.

यंदा इमारत निधीचं आवाहन निघालं.
प्लॅटिनम, सुवर्ण, रौप्य,
आणि रौप्याच्या खाली बारीक टायपात हितचिंतक,
किमान पाच हजार.
कौस्तुभ वाघुलकरांनी वातानुकूलित सभागृह दिलं.
दगडावर त्यांचं नाव आधी की त्यांच्या वडिलांचं,
यावर आमच्या तीन बैठका झाल्या,
तिसरीला वडे होते.

त्याच आठवड्यात दिघ्याहून पाकीट.
आत दहाची नोट, रुपयाचं नाणं,
आणि आठ आणे,
सेलोटेपने पुठ्ठ्याला चिकटवलेले.
खाली त्याच अक्षरात:
पिपेट. १९९३. राहून गेलं होतं.

संगणक अकरा रुपये पन्नास पैसे घेईना.
वर्गवारी निवडा, म्हणाला.
मी वर्गवारीकडे बघत बसले.
मग प्रयोगशाळेच्या माळ्यावरून
फुटतुटीची वही काढून आणली,
कसर लागलेली, एका पानावर आयोडीनचा डाग.
सपकाळे वाय., पिपेट एक, ११.५०.
पुढे 'वसूल' असं लिहिलेलं
आणि हिरामण मढवी यांची वळणदार सही.

म्हणजे येणं काहीच नव्हतं.

संध्याकाळी दिवागावात गेले.
हिरामणमामा ओट्यावर जाळं घेऊन बसलेले,
हल्ली दोऱ्याला सुई लागत नाही, नजरेला लागते, असं म्हणून
माझ्याकडेच ओवायला दिली.
कॉलेजच्या पत्त्यांच्या यादीत ते नाहीत.
त्यांची तुकडी कुठली, हा रकाना भरता येत नाही,
अडतीस वर्षं प्रयोगशाळेत काढली तरी.

"पोरगी ररत व्हती," म्हणाले,
"हॉलतिकीट अरलं असतं.
वही माजे हातान व्हती, ना खिसा पन माजाच."
नोट त्यांनी घडी करून बनियनच्या खिशात ठेवली,
रुपया नातवाला दिला.
आठ आणे उजेडात धरून बघितले.
"ये आता कोन घेतंय?"
तरी परत दिले नाहीत.

मेळाव्याला या, म्हटलं, जेवण आहे.
"कंचं जेवन?" त्यांनीही विचारलं.

मुद्रणाला गेलेल्या अंकात
पान चार, उपाध्यक्ष आणि मॅरेथॉन यांच्या मध्ये
एक ओळ मी घुसवली आहे:
यशोधरा सपकाळे (१९९४): विशेष काही नाही. पत्ता तोच.

काल तुर्भ्याहून छापखान्याच्या मुलाचा फोन.
मॅडम, पान चारवर मजकूर राहिलाय का?
नाही, म्हटलं. एवढाच आहे.