मधली रिळं

प्रिंट एकच होती, खेळ दोन.
पालकोल्लूच्या थेटरात साडेसहाला,
कालव्यापलीकडच्या तंबूत साडेसातला,
आणि मधले तीन मैल माझे.
कॅरियरला सुतळीनं आवळलेले दोन डबे,
डब्यांत एक नवरा, एक नवरी,
आणि त्यांच्या घरी मुक्कामाला आलेले
एकूण चौदा पाहुणे.

सगळा आंध्र म्हणे हसत होता त्या सिनेमाला.
मी तुकड्यातुकड्यानं पाहिला, तोही पडद्याच्या मागून
(डबा देऊन घाम पुसायला तिथंच जागा होती),
म्हणून माझ्यासाठी ती नवरी कायम डावखुरी.
दुधाचा पेला घेऊन ती खोलीकडे निघते,
दारात काका उभे, कंबर धरलीय म्हणतात.
दुसऱ्या रात्री आत्या,
तिसऱ्या रात्री आवकायच्या सहा बरण्या,
त्यांना ओल लागू नये म्हणून खोलीतच.
नवरा गच्चीवर, मेहुण्याच्या घोरण्याशेजारी, चांदण्या मोजतो.
तंबू गडगडा हसायचा.
मला हसू यायचं नाही.
आमच्याकडे गच्चीपण नव्हती.

वैशाखात लग्न झालेलं माझं.
एक खोली, आई, दोन बहिणी, दिसत नसलेली आत्या,
आणि कोपऱ्यात भाताची पोती, त्यांचा मान पहिला.
मंगतायारूशी मी बोललो होतो
एकूण किती, तर एका रिळाइतकं.

मग ती तंबूत येऊ लागली.
जमिनीचं तिकीट, खांबाजवळची जागा,
आईला सांगून, की देवाधर्माचा खेळ आहे.
डबा उतरवताना मी तिला पाहायचो,
ती मला.
कधी पदराखालून पुडी सरकवायची, मुरमुऱ्यांची, मिरची जास्त.
तेवढ्यात ऑपरेटर सूर्यम ओरडायचा.
शेवटचं रीळ दिलं
की गुंडाळलेली पहिली उचलून
दुसऱ्या खेळासाठी परत पालकोल्लू.
शेवट मी कधी पाहिलाच नाही.
रात्री बाजेखालून तिला हळूच विचारायचो, पुढं काय होतं गं?
ती सांगायची, विहिरीत पडतात काका.
दुसऱ्या दिवशी, नवरीच माहेरी जाते, बरण्या घेऊन.
तिसऱ्या दिवशी काहीतरी हत्तीचं.
अकरा वेळा पाहिला तिनं, अकरा शेवट.

बाराव्या दिवशी लाकुलूजवळ,
जिथं नावांसाठी कालव्याचं दार उघडतात,
ती कंदील घेऊन उभी होती.
मी ब्रेक मारला.
नवव्या नि दहाव्या रिळाचे डबे
गवतात ठेवले, शेजारी शेजारी.
पाणी एका बाजूनं चढत होतं, दुसऱ्या बाजूनं उतरत होतं,
नावाडी शिव्या देत होता, आम्हाला नाही, दाराला.
बाकीचं काय सांगायचं.

तंबूत चाळीस मिनिटं पांढरा पडदा.
लोकांनी बाकं बडवली, एकानं बकरी सोडली पुढं,
शेवटी मालक वीरन्ना स्वतः वाटेवर येऊन उभा.
पंक्चर, मी म्हणालो.
त्यानं ट्यूब बाहेर काढायला लावली,
बादलीत बुडवली, बोट बोट दाबून पाहिली.
एक बुडबुडा आला नाही.
त्यानं माझ्या शर्टाला लागलेलं गवत काढलं
आणि आठ आणे कापले.

परवा रविवारी दुपारी लागला तो टीव्हीवर.
नातवंडं पंख्याखाली झोपलेली.
नवरी उजव्या हातानं वाढत होती,
मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.
बरण्या आल्या, गच्ची आली,
दहावं संपलं तसा मी कळत नकळत
चपला शोधायला लागलो.
बसा, मंगतायारू म्हणाली.

मग शेवट झाला.
विहीर नव्हती. माहेर नव्हतं.
हत्तीचा तर पत्ताच नाही.
अकरांपैकी एकही नव्हता तो.

मी तिच्याकडे वळून पाहिलं.
ती शेंगा सोलत होती.
म्हणाली, प्रिंट बदललेली दिसते.