सैल टाका

उदगीरहून पहिल्या एसटीनं आलेला माणूस
शर्टाची बटणं काढायलाच लाजला.
मौलाली नदाफ, वय एकाहत्तर,
कागदावर धंदा : गादी कारखाना.
"कारखाना म्हंजे मी अन् माझी कमान."

छातीवरचे पांढरे केस तळहाताएवढे भादरले
तर त्यातूनही कापूस निघाला,
खराखुरा, सरकीच्या टरफलासकट.

पट्टी पाकिटातून काढली.
सायीइतकी पातळ, सायीसारखीच सुरकुतणारी.
त्यानं ती आधी अंगठ्यात अन् तर्जनीत धरून चोळली,
गिऱ्हाईकानं आणलेला कापूस पाहावा तशी.
"कुठला माल?"
कापूस नाही चाचा, सिलिकॉन.
आत तारा आहेत, केसाहून बारीक.
चष्मा कपाळावर सरकवून उजेडात धरली :
"वाकड्या का ओढल्या? हात हलला का कुणाचा?"
मुद्दाम नागमोडी. तुम्ही वाकलात, शिंकलात
की छाती ताणते. सरळ तार तुटेल.
तेव्हा पहिल्यांदा हसला.
"मंग शिकलेला दिसतो कारागीर.
गादीला टाका सैलच घालायचा असतो, बेटी.
घट्ट टाका माणूस झोपला की तुटतो."

पंधरा दिवस त्याचं हृदय
लातुरात माझ्या टेबलावर चालत होतं.
चुकत, थबकत, मधेच दोन पावलं एकदम टाकत,
अंधारात परका जिना उतरावा तसं.
आणि रोज दुपारी दोन ते चार
अख्खी रेघ शहारायची,
यंत्र लाल अक्षरांत ओरडायचं : गंभीर, गंभीर.

फोन केला. खूप वेळ वाजला.
"काय नाही बेटी, पिंजायलो."
तातीची थरथर मनगटातून खांद्यात,
खांद्यातून फासळ्यांत,
तिथून ऐंशी किलोमीटर माझ्या पडद्यावर.
डॉक्टर म्हणाले, गोंगाट आहे, पुसून टाक.
बरोबरच होतं.
मी रोज एका माणसाचं दोन तासांचं काम
पुसत गेले.

मग एका मंगळवारी दोन वाजले,
अडीच, तीन.
रेघ स्वच्छ. पुस्तकात छापावी अशी.
यंत्र गप्प, हिरवं.
माझेच हात गार.
"चाचा?"
"हौ, बोल."
"बरं आहे ना?"
"मला काय धाड भरली. कापूसच नाही.
लोकं फोमची गादी घ्यायलेत.
दाबली की तशीच वर येती,
कोण झोपलं होतं ते ध्यानातच ठेवत नाही.
बसलोय. तुझी ही चिकट बया तेवढी जागी हाय."

गुरुवारी घरातली जुनी गादी
एसटीच्या टपावर बांधून दिली.
भाड्यावरून कंडक्टरशी वादही घातला.

शुक्रवारी, दोनला पाच कमी असताना,
त्याचाच फोन.
"उसवली गं. डावीकडं सगळा कापूस गठळलाय,
उजवीकडं कोराच. भिंतीला चिकटून
कोण झोपायचं?"

आई.
उजवीकडची जागा ती
बाबांसाठी ठेवायची, ते गेल्यावरही.
हे मी बोलले नाही. एवढंच म्हटलं, आई.

तो थांबला.
पडद्यावर एक ठोका चुकला, दुसरा आला.
मग फोन न ठेवताच
त्यानं कमान उचलली असावी.
टण्ण.