नाव काढणे

डिसेंबर. शाळा सुटल्या. ओलिमारचं पाणी कोमट झालं
आणि जिल्ह्याभरातून खोकी येऊ लागली कचेरीत:
बुटांची, बिस्किटांची, एक तर मधाच्या बरण्यांचं,
आतले पेनड्राइव्ह अजून चिकट.

बावीस शाळा. चारशे बारा ड्राइव्ह.
मार्चमध्ये नव्या हातांत जायच्या आधी
प्रत्येकाचं नाव काढायचं.
शिक्षक म्हणतात, पोरांनी नाव काढावं.
ते आम्ही काढतो.

अकरा वर्षं हे मी हाताने केलं.
खोचायचं, उजवी कळ, नाव निळं होतं,
पुसायचं, एंटर. उपटायचं. पुढचं खोचायचं.
अकराच अक्षरं मावतात त्या नावात, सगळी थोरली,
म्हणून मुलं काटकसर करतात तारेच्या मजकुरासारखी.
कुणी घोड्याचं नाव देतं: तोर्दीयो.
कुणी 'माझंय'. त्याचाच धाकटा भाऊ 'माझंयर'.
तो र म्हणजे काय, मी वर्षभर विचार केला.
सेर्रो चातोच्या एका मुलीने लिहिलं होतं 'आईदेतनाही'.
काय देत नाही,
ते बाराव्या अक्षरात राहिलं.

यंदा एल्बियो आला, मोंतेविदेओहून शिकून.
काखेत थर्मास, हातात मातेचा तुंबा,
नळी ओठांतून न काढताच म्हणाला,
निबिया, मसुरातले खडे काय वेचत बसलीस?
आणि चार ओळी लिहिल्या.
जे जे लावलंय ते ते बघ.
मशीनची स्वतःची डिस्क वगळ.
शाळा निबियाला विचार.
उरलेल्यांचं नाव कोरं कर;
आणि या शेवटच्या आज्ञेच्या शेपटाला एक छोटा शब्द:
विचारू नकोस.

कारण यंत्र विचारतं. दर वेळी. नक्की ना?
चारशे बारा वेळा 'नक्की ना' म्हणणाऱ्याला
पगार कोण देणार, असं म्हणून तो हसला.
मला तो पगार मिळत होता. मी नाही हसले.

सोळा खाचांचा हब, सोळा हिरवे ठिपके.
एकदा लुकलुकले. झालं.
माझ्या किटलीतलं पाणी अजून तापलंही नव्हतं.
मी म्हटलं, आतलं सगळं तर तसंच आहे.
आतल्याची स्क्रिप्ट वेगळी, तो म्हणाला, ती उद्या.

मग चिकटपट्ट्या. एक, दोन, तीन.
आकड्यांबद्दल कुरकुर करायला मला तोंड नाही,
आमच्या गावाचंच नाव तेहतीस.
तेहतीस जण होड्यांतून आले होते, देश मोकळा करायला,
म्हणून. कोण कोण ते विचाराल
तर याद्यांचं अजून एकमत नाही.
आकडा तेवढा पक्का.

दुसऱ्या सोळांच्या आधी मी म्हटलं, सरक.
त्याच्या चौथ्या ओळीच्या डोक्यावर एक ओळ बसवली:
काढण्याआधी लिहून ठेव. तारीख, शाळा, नाव.
कशाला? एल्बियो म्हणाला.
विचारू नकोस, मी म्हटलं.

पहिले सोळा गेले ते गेलेच.
त्यांत एक कुत्रा होता बहुतेक.

संध्याकाळी दिवा न लावता यादी वाचली, पडद्याच्याच उजेडात.
तीनशे शहाण्णव ओळी.
'हातलावूनको' नऊ जणांनी लिहिलंय, सात शाळांतून,
एकमेकांना कधी न भेटता.
दोनशे सत्तावन्नाव्या ओळीत तारीख आहे,
शाळा आहे, स्वल्पविराम आहे,
पुढे काही नाही.
कुणी नाव ठेवलंच नव्हतं.
स्क्रिप्टने तेही काढलं, तितक्याच इमानाने,
आणि शेजारी लिहिलं: यशस्वी.

नदीपल्याडची शाळा. आठ मुलं, एक बाई.
आठांतलं कोण, एवढंच विचारायला फोन लावला.
सुट्टी लागलेली.
रिकाम्या वर्गात तो बराच वेळ वाजला असणार.