मधली प्लेट

डॉक्टर रोल्दांवची ओपेल,
छप्पन सालची, रंग पिकल्या पेरूच्या आतला,
टेंपोमागे दोरखंडाने ओढत आली सावर्ड्याला
गुणो मेस्ताच्या शेडमध्ये.
तीन दिवसांनी गुणो माझ्या दारात:
"तुझा लेथ रिकामाच ना?"
रिकामाच. खाणी बंद झाल्यापासून
टिपरचे शाफ्ट येत नाहीत,
चकमध्ये पाल अंडी घालते.

जुनं इंजिन खोलून पाहिलं होतं त्याने.
ब्लॉकला बोटभर चीर,
आणि तिसरा पिस्टन असा रुतलेला
की घणालाही ऐकेना.
वास्कोच्या भंगारात अँबॅसॅडर मिळाली, टॅक्सी,
मागच्या काचेवर अजून अर्धा गणपती.
तिचं इसुझू जिवंत होतं.
इंजिन जपानी, गिअरबॉक्स जर्मन,
तोंडाला तोंड लावून पाहिलं
तर एक भोक दुसऱ्यावर येईल तर शपथ.

"इंजिन म्हणजे गाडीचं काळीज,"
डॉक्टरांची एर्मेलिंद म्हणाली,
सत्तरीला टेकलेली, हातात छत्री.
गुणोने विडी विझवली.
"बाय, काळजाला माउंटिंग नसतं.
माउंटिंग असतं तर मीच बसवलं असतं कितीकांचं."

मी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला,
दोन्ही तोंडांचे ग्रीसमध्ये ठसे काढले.
बार्जच्या दुरुस्तीतून उरलेलं पोलाद, बारा मिलिमीटर.
त्यात आधी ह्यांची भोकं, मग त्यांची.
घरात कोकणी, दप्तरात मराठी घेऊन वाढलेल्याला
हे काम तसं नवं नव्हतं.
पण मध्य सापडेना.
डायलची सुई थरथरली की पुन्हा पहिल्यापासून,
तीन रात्री,
बायको म्हणाली, एवढं माझ्याकडे बघितलं असतंस तर.

एर्मेलिंद रोज यायची, स्टुलावर बसायची.
सांगायची, रात्री-अपरात्री पप्पा व्हिजिटला निघाले
की गिर्दोलीच्या वळणावरूनच लोकांना आवाज कळे.
कोणीतरी ओरडे, आला, आला,
आणि पाणी उकळायला ठेवत.
एका म्हातारीचा ताप
गाडी अंगणात पोचायच्या आतच उतरला होता.
हे तिने दोनदा सांगितलं.
गुणो दोन्ही वेळा हसला.

शनिवारी पाचला इंजिन बसलं.
रेडिएटर दोन इंच पुढे, सायलेन्सर नवा,
चारपैकी एक बोल्ट दुसऱ्याच कुठल्या गाडीचा.
गुणोने चावी फिरवली.
मी बॉनेटवर वाकलो, कान लावून,
पंख्याचा आवाज आला, टॅपेटचा आला,
माझ्या प्लेटचा आला नाही.
येऊ नये, एवढंच तर तिचं काम.
आता ती कोणाला दिसणार नाही,
पुन्हा कोणी खोलेपर्यंत.

एर्मेलिंद ऐकत उभी राहिली.
मान एका बाजूला कलती,
जशी फोनवर चुकीचा नंबर लागल्यावर
माणूस क्षणभर थांबतो.
मला वाटलं, रडेल.
पुढचं दार तिच्यासाठी उघडलं होतं गुणोने,
लहानपणापासूनची तिची जागा.
ती वळसा घालून मागे गेली,
मागच्या सीटवर बसली, छत्री गुडघ्यांवर आडवी.

"चांदर," म्हणाली. "आणि मीटर टाका."

स्टीअरिंगजवळचा दांडा गुणोने खाली ओढला.
पहिला पडला.
लोण्यात सुरी जावी तसा पडला, देवाशपथ,
पण तेव्हा तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.