समास

हालदिस हेस्टनेस गेली एकतीस वर्षं
सोर्टलांडच्या आठवडी वर्तमानपत्राची मुद्रितं तपासते.
ओळ संपली की यंत्र शब्द तोडतं,
नवशिक्याने कॉड कापावा तसं,
काटा कुठून जातो ते न बघता.

"सांधा बघ," ती नव्या सिवर्टला सांगते,
"सांध्यावर सोडव, हाडावर सुरी नको."
बीलदेलर म्हणजे मोटारीचे सुटे भाग.
यंत्राने परवा तोडला तो बिल्दे-लेर,
आणि गॅरेजच्या जाहिरातीत
एक चित्र आठवडाभर हसत बसलं.
खाटकाने तर लाम्मेलोर तोडूनच पाठवलेला:
कोकराच्या तंगडीऐवजी
लुळ्या मांड्या, किलोला एकशे नव्वद क्रोनर.

मग पेन्सिलीने टेबलावर वाजवून दाखवते,
पहिला ठोका जड, दुसरा हलका:
स्न्यो-स्क्रेद.
बर्फ, मग त्याचं कोसळणं.
"आघात पहिल्या पदावर.
दुसऱ्याला उरलंसुरलं. पण मुकं नको करूस त्याला,
शब्द लंगडतो."

नोव्हेंबर. तीनलाच दिवे लागलेले.
इंगवालला जाऊन नऊ दिवस.
बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा,
नखांतलं काळं शेवटपर्यंत गेलं नाही.
हे तिने लिहिलं, मग खोडलं, मग परत लिहिलं.

मागे तो उरला असता तर
त्याला म्हणाले असते एंकेमान,
विधवा-पुरुष: दोन पदं,
आणि आघात तेव्हाही 'विधवे'वरच.
ती मात्र नुसती एंके.
जोडायला काही नाही, तोडायलाही.

रकाना अरुंद. मथळ्याखालच्या तिसऱ्या ओळीत
मिन्नेऊर, आठवण-शब्द,
गेलेल्या माणसावर लिहितात त्याला तिथे हेच नाव.
यंत्राने तोडला:
मिन-
आणि पुढच्या ओळीत नेऊर, ज्याला काही अर्थ नाही.

मिन म्हणजे माझा.

एकतीस वर्षांत हा एकच शब्द
तिने किती वेळा सांध्यावर आणून ठेवला असेल.
निळी पेन्सिल समासात गेली,
तिथेच टेकून राहिली.
ओळीच्या टोकाशी माझा,
आणि त्यापुढे कागदाची पांढरी कड.

"पान पाचला सोडायचंय," सिवर्ट म्हणाला.
वाकून बघितलं त्याने. "हे राहिलं का?"
"राहू दे."

टेबलावर एक जड ठोका.
दुसरा झाला असेल तर
सिवर्टला ऐकू आला नाही.